शिकणं ब्रेनस्टेमपासूनच सुरू होतं

मेंदू ऐकायला कसा शिकतो यावरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यातलं ‘ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा, देठासारखा भाग) आवाज नुसता वर पोहोचवतो, शिकणं सगळं कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात)’ हे विधान पटलं नाही. पहिल्याच टप्प्यावर, ब्रेनस्टेममधल्या कॉक्लिअर न्यूक्लियस या पेशीसमूहात, कानाकडून येणाऱ्या श्रवणतंतूंची टोकं पेशीला बोटांनी धरावं तशी कवेत घेतात. या टोकांना शास्त्रज्ञ हेल्ड यांच्या नावावरून ‘हेल्डचे एंडबल्ब’ म्हणतात. जन्मतः बहिऱ्या मांजरांमध्ये हे सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) बिघडलेले असतात. लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवणतंतूंना विजेचे संकेत देणारं, कानात बसवायचं उपकरण) बसवलेल्या मांजरांत त्यांची रचना बरीचशी सावरल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. म्हणून बहिऱ्या बाळांच्या बाबतीत ‘इम्प्लांटसाठी थोडं थांबून बघू’ असं कोणी म्हटलं की जीव तुटतो.

क्षणिक बदलांचाही उल्लेख हवा होता. संकेत भराभर आले की काही मिलिसेकंदांतच सिनॅप्सचा जोर उतरतो. वरवर ही दमछाक वाटते, पण पक्ष्यांवरच्या अभ्यासातून तिचा उपयोग कळला: आवाज लहान असो की मोठा, तो दोन्ही कानांत पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकाची तुलना (जिच्यावरून आवाजाची दिशा कळते) ढळत नाही. माणसाला हा फरक १० मायक्रोसेकंदांइतका सूक्ष्म असला तरी जाणवू शकतो!

कॉक्लिअर न्यूक्लियसच्या डॉर्सल (पाठीकडच्या) भागात तर सिनॅप्सचे दीर्घकालीन बदलही होतात, आणि टिनिटसच्या (बाहेर आवाज नसताना कानात आवाज ऐकू येण्याच्या) संशोधनात त्यांना मोठं महत्त्व आहे. त्यावर सविस्तर लिहाच.