तापली की रुसली

आमची बाईक सकाळी एका किकमध्ये सुरू होते, अर्ध्या म्हटलं तरी चालेल. पण एकदा तापली आणि मी चुकून बंद केली की संपलं. पंधरा किका मारा, शिव्या द्या, नवस बोला, ढिम्म. आणि वीस मिनिटांनी पहिल्याच किकला सुरू, जसं काही झालंच नव्हतं.

म्हणून मी ती बंदच करेनासा झालो. रस्त्यात कोणी भेटलं तर इंजिन चालू ठेवूनच बोलायचं, त्यामुळे "काकांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं का?" हे मी अख्ख्या चौकाला विचारून बसलोय. पण पेट्रोल पंपावर बंद करावीच लागते, आणि मग मागच्यांच्या हॉर्नच्या गजरात गाडी ढकलत निघायचं, आपलीच वरात आपणच काढल्यासारखं.

बंद गाडीभोवती सल्लागार कुठून उगवतात कळत नाही. एक म्हणाला प्लग बदल, बदलला. दुसरा म्हणाला टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली कसं येणार, झाकण उघडून बघितलं, फुस्ससुद्धा झालं नाही. तिसऱ्याच्या मते कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळत होतं, ओलं फडकं गुंडाळ म्हणे. गुंडाळलं, बुटात पाणी गेलं. चौथा म्हणाला विकून टाक. तेही तिच्यासमोर!

मेकॅनिककडे ढकलत न्यावी तर तोवर ही थंड. दवाखान्याची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो ना, तसं. तीनदा गेलो. त्याने टॅपेट सेट केले, कार्बोरेटर साफ केला, आणि तिसऱ्यांदा गाडीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगली तर आहे."

मग मी खिशात एक जादा प्लग घेऊन फिरायला लागलो. गाडी मेल्या मेल्या तो प्लग कॅपमध्ये घातला, इंजिनच्या हेडला टेकवला, किक मारली. ठिणगीच नाही! थंड झाल्यावर तोच प्लग निळा, टक टक. म्हणजे इतके दिवस सगळे पेट्रोलच्या मागे लागले होते आणि गायब होता करंट.

घरी येऊन पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची याचा इशारा देणारं तारेचं वेटोळं, काढली, टेबलावर मीटर लावला, आणि बायकोचा हेअर ड्रायर. थंड असताना दोनशेच्या आसपास ओहम. चार मिनिटं गरम हवा मारली, आकडा थरथरला आणि सर्किट ओपन. गार झाली की परत दोनशे. आतली केसाएवढी तार कुठेतरी तुटलेली, तापून प्रसरण पावली की टोकं लांब होतात, निवली की पुन्हा गळ्यात गळे. आणि गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिनची धग आजूबाजूला मुरत जाते, म्हणून धावताना ठणठणीत आणि पंपावर मुडदा.

"काय भाजताय?" बायकोने विचारलं.

"कॉइल."

ती काही बोलली नाही. नवी कॉइल बसवल्यापासून बाईक कितीही तापू दे, एका किकमध्ये सुरू.

हेअर ड्रायर मात्र हल्ली तापला की बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. बायको मला दाखवायला आणते तोवर गार झालेला असतो. मी बटण दाबून बघतो आणि म्हणतो, "चांगला तर आहे."