21 पैकी 21 चा हिशेब आणि आपली समिती

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘पवन कल्याणने एकट्याच्या जिवावर 21 पैकी 21 आमदार निवडून आणले. महाराष्ट्रात जिथे प्रचार केला तिथेही सगळे निवडून आले. हिरो आहे, पैशाची गरज नाही, पगारही घेत नाही, म्हणून भ्रष्टाचार नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीने असाच एखादा मराठी हिरो आणावा, मग बघा!’ खाली जय महाराष्ट्र आणि भगवे झेंडे. (समिती म्हणजे हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी आपली संघटना.) चांगली वाचणारी, लिहिणारी माणसंही हे पुढे ढकलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पवन कल्याण म्हणजे तेलुगू सिनेमाचे हिरो आणि आंध्रातल्या जनसेना पक्षाचे प्रमुख. 21 पैकी 21 हा आकडा खरा. ‘एकट्याच्या जिवावर’ ही मात्र शुद्ध थाप. आंध्रच्या विधानसभेत 175 जागा. 2024 ला तेलुगू देसम, जनसेना आणि भाजप एकत्र लढले. वाटणीत देसमला 144, जनसेनेला 21 आणि भाजपला 10 जागा आल्या. निकालात देसम 135, जनसेना 21, भाजप 8. तोवर सत्तेत असलेला जगनमोहन रेड्डींचा पक्ष 11 वर आटपला. म्हणजे त्या वर्षी युतीतला जवळजवळ प्रत्येकजण तरला. त्यातल्या एकाचीच पाटी काढून मिरवायची, तर बाकीचे काय देवदर्शनाला गेले होते?

आता हाच हिरो देसम आणि भाजपला सोडून लढला तेव्हा काय झालं तेही बघा. 2019 ला त्यांच्या सोबतीला दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि बसपा होते. सभांना गर्दी मावत नव्हती. पवन कल्याण स्वतः भीमावरम आणि गाजुवाका अशा दोन ठिकाणी उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले. अख्ख्या पक्षाचा एक आमदार आला, राजोलचा, आणि तोही पुढे जगन यांच्या गोटात गेला. चेहरा तोच, सिनेमे तेच, शिट्ट्याही त्याच.

मग मधल्या पाच वर्षांत बदललं काय? सप्टेंबर 2023 मध्ये देसमचे प्रमुख चंद्राबाबू नायडूंना अटक झाली. पवन कल्याण राजमहेंद्रीच्या तुरुंगात त्यांना भेटले आणि बाहेर येऊन फाटकासमोरच युती जाहीर केली. शेजारी चंद्राबाबूंचा मुलगा लोकेश आणि मेहुणा बाळकृष्ण. (हा बाळकृष्णही नटच आणि हिंदूपूरचा आमदार, पण त्याचे मेसेज आपल्याकडे फिरत नाहीत.) मला त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत हीच गोष्ट दाद देण्यासारखी वाटते. मित्रपक्ष अडचणीत असताना त्याच्या दारात उभं राहणं आणि मग 175 पैकी फक्त 21 जागांवर समाधान मानणं, याला पडद्यावरचं वलय लागत नाही, राजकारण कळावं लागतं. ते कळायला त्यांना 2014 ला पक्ष काढल्यापासून दहा वर्षं लागली. त्याआधी भाऊ चिरंजीवींचा प्रजाराज्यम पक्ष 294 पैकी 18 जागांवर अडकलेला आणि शेवटी काँग्रेसमध्ये विसर्जित झालेला त्यांनी घरातूनच पाहिला होता.

पिठापुरमची गोष्ट मेसेजात नाही, पण आपल्यासाठी तीच महत्त्वाची. 2024 ला पवन कल्याण स्वतः तिथून सत्तर हजारांच्या फरकाने आले. तिथले देसमचे जुने आमदार वर्मा 2014 ला पक्षाने तिकीट नाकारलं तेव्हा अपक्ष उभे राहून जिंकले होते, एवढी त्यांची स्वतःची ताकद. त्यांनी यावेळी तिकीट सोडलं आणि गावोगाव फिरून पवन कल्याणसाठी मतं मागितली.

महाराष्ट्रातल्या प्रचाराचं लवकर उरकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये ते महायुतीसाठी देगलूर, भोकर, लातूर, सोलापूर, पुणे असे फिरले. सोलापूरला का, तर पूर्व भागात तेलुगू विणकरांची मोठी वस्ती आहे. ‘सगळे निवडून आले’ म्हणणाऱ्यांनी लातूर शहराचा निकाल उघडावा. तिथे काँग्रेसचे अमित देशमुख जिंकले. आणि ज्या निवडणुकीत महायुतीला 288 पैकी 230 जागा मिळाल्या, तिथे कुठल्याही पाहुण्याचा हिशेब चांगलाच दिसणार.

पैशाची गरज नाही म्हणतात. 2024 च्या शपथपत्रात त्यांनी 64 कोटींहून जास्त देणी दाखवलीत. पगार घेणार नाही असं ते म्हणाले, ठीक. पण आंध्रात सिनेमाच्या तिकिटाचे दर सरकारी आदेशाने ठरतात. उपमुख्यमंत्री असताना 2025 च्या जुलै आणि सप्टेंबरात त्यांचे दोन सिनेमे लागले आणि दोन्हींना त्याच सरकारने दर वाढवून दिले. सिनेमा खात्याचे मंत्री जनसेनेचेच. यात भ्रष्टाचार झाला असं मी म्हणत नाही. पण ज्याचा धंदा सरकारी आदेशावर चालतो तोच सरकारात बसला, तर ‘त्याला कशाचीच गरज नाही’ हे कसं म्हणायचं?

आता शेवटचा मुद्दा, समितीने हिरो आणावा. पहिली अडचण कायद्याची. कर्नाटक विधानसभेला उभं राहायचं तर कर्नाटकातल्या मतदारयादीत नाव लागतं. मुंबई-पुण्याचा नट अर्ज भरायला येऊच शकत नाही, फार तर भाषण ठोकून जाईल. तेही सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे येऊ दिलं तर. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्र्यांनाच बेळगावात जिल्हाबंदी झाली होती, हे विसरलो काय आपण?

आणि कर्नाटकातलेच नट बघायचे तर शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात तेरदाळ आहे. उमाश्री तिथे 2008 ला पडल्या, तरी तो मतदारसंघ सोडला नाही, 2013 ला आल्या, मंत्री झाल्या, 2018 ला पुन्हा पडल्या. निखिल कुमारस्वामी हिरोही आणि माजी पंतप्रधानांचे नातूही. मंड्या, रामनगर, चन्नपट्टण, तिन्हीकडे हरले.

आपल्याकडचं दुखणं वेगळंच आहे. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासला पिकती जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, तेव्हा त्याच्या बाजूला कोण बसतं? नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, मिळालेला कन्नड उतारा म्हातारा माणूस नातवापुढे धरतो, ‘वाच रे, काय लिहिलंय’ म्हणतो. मराठीत कागद द्या ही मागणी वर्षानुवर्षं निवेदनांतच फिरते. 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण कार्यकर्त्याला लाखाच्या वर मतं पडली, ती काही कुठल्या सिनेमामुळे नव्हेत. तरीही 2023 ला विधानसभेत समितीचा एकही आमदार गेला नाही.

आणि 2018 ला? खानापुरात समितीचे म्हणवणारे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त भरते. त्या दोघांपैकी एकाने पिठापुरमच्या वर्मांसारखं केलं असतं, तर मुंबईहून कोणाला बोलवायची गरजच पडली नसती.