तुमच्या वयाला ही बरी

स्टूल मी मागितलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गिटारच्या दुकानात चक्कर आली म्हणून बसवावं लागलं’ अशी बातमी सध्या फिरते आहे आणि एका आत्याने फोन करून बीपी तपासून घ्यायला सांगितलंय.

मी गेलो होतो तारा आणायला. बरोबर माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार होती, गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ मॉडेलच्या धर्तीची, अंगाने भरलेली. तिच्या बदल्यात काही हलकं मिळालं तर बघू, एवढंच मनात होतं. दुकानातल्या पोराने केस उघडली, गिटारीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आत गेला आणि स्टूल घेऊन आला. ‘बसा काका.’ माझी नजर भिंतीवरच्या काळ्या, टोकदार, इंग्रजी ‘V’च्या आकाराच्या फ्लाइंग व्हीवर होती हे त्याला दिसत होतं. तरी त्याने शेजारची लालचुटुक, गोलमटोल, पोटावर ‘f’ आकाराची भोकं असलेली सेमी-हॉलो उतरवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

‘तुमच्या वयाला ही बरी. तुमच्या एजचे सगळे हीच घेतात.’

‘मला ती बघायचीय,’ मी व्हीकडे बोट दाखवलं.

‘ती हेवी मेटलवाली आहे काका. मुलासाठी का?’

‘माझ्यासाठी.’

त्याने दिली. पण स्टुलावर बसून व्ही वाजवायची म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. इतर गिटारींना मांडीवर टेकायला कंबर असते, हिला नुसते दोन पंख. मी डावीकडून सावरतोय तर ती उजवीकडून सुटतेय. ‘ती उभ्यानेच वाजवतात,’ पोरगा म्हणाला. स्टूल कोणी आणलं होतं, हे विचारायचं मी टाळलं.

गंमत अशी की ह्या दोन्ही गिटारी गिब्सनने १९५८ सालीच बाजारात आणल्या. व्ही तेव्हा खपेना म्हणून लवकरच बंदही केली होती. म्हणजे दोघी एका वर्षाच्या. त्यातली एक जन्मभर सोळा वर्षांची राहिली आणि दुसरी आमच्या वयाला बरी. हा निवाडा कुठल्या कोर्टात झाला?

तेवढ्यात मागून आवाज आला. ‘थांबा. वजन करू.’

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. गृहस्थ सत्तरीचे असावेत. नातवाच्या कीबोर्डसाठी अडॅप्टर घ्यायला आले होते, नातू आत कुठेतरी ड्रम बडवत होता. आजोबांनी पिशवीतून हुक असलेला वजनकाटा काढला, बॅगा तोलायचा, अजून प्लॅस्टिकमध्ये असलेला. पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीला लेकीकडे निघाले होते, काटा नुकताच घेतला होता आणि खरा निघतो का हे बघायला त्यांना काहीतरी हवंच होतं. माझी काही हरकत आहे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

त्यांनी माझ्या जुन्या गिटारीच्या पट्ट्यात हुक अडकवला, श्वास रोखून दोन्ही हातांनी उचलली. काट्याने टुंग केलं.

‘चार किलो सहाशे. हे तुम्ही गळ्यात घालता?’

‘खांद्याला.’

‘किती वेळ?’

‘कार्यक्रम असेल तर दोन तास.’

‘असतो का कार्यक्रम?’

‘असायचा.’

त्यांनी ‘हं’ केलं आणि अडॅप्टरच्या बिलामागे ४.६ असा आकडा टिपला. मग सेमी-हॉलो लटकवली. टुंग. तीन किलो सातशे.

‘ही पोकळ आहे म्हणालात ना?’

मी म्हणालो नव्हतो, पण तरी समजावलं. कडेने पोकळ असते, मधोमध मेपलचा ठोकळा असतो. ठोकळा नसेल तर ॲम्प मोठा केला की पोकळ गिटार शिट्टी मारायला लागते.

‘म्हणजे पोकळ नाही.’

‘अर्धी आहे.’

‘मग आवाज बारीक ठेवा आणि ठोकळा काढून टाका. तेवढंच वजन वाचेल.’

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निम्मे जॅझवाले नेमकं हेच करतात.

आता पोरगाही रंगला. एकेक गिटार तोच उतरवून देऊ लागला. स्ट्रॅटोकास्टर तीन किलो पाचशे. टेलिकास्टर तीन किलो तीनशे. ‘विमानात २३ किलोची बॅग चालते,’ आजोबा म्हणाले, ‘ह्या सहा बसतात.’ मी म्हटलं, मोडतील. ‘मी वजनाचं बोलतोय,’ ते म्हणाले. शेवटी त्यांनी व्ही लटकवली. टुंग. तीन किलो शंभर. दुकानातली सगळ्यांत हलकी.

मला जे समाधान झालं ते सांगण्यासारखं नाही. आजोबा पोरावर उखडले. ‘अरे, मग ह्यांना हीच दे की! मघापासून जड जड काय दाखवतोयस?’

‘ती बसून वाजवता येत नाही ना आजोबा.’

‘मग उभं राहू दे त्यांना.’

‘काकांची पाठ…’

पाठीबद्दल मी त्या दुकानात एक अक्षर बोललो नव्हतो. आजोबा माझ्याकडे वळले आणि मला खालपासून वरपर्यंत पाहून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘पाठ आहे का तुम्हाला?’

पुढची दहा मिनिटं माझ्या पाठीवर चर्चासत्र झालं. त्यात गरम पाण्याची पिशवी, फळीवर झोपणं आणि त्यांच्या ओळखीतला एक हाडवैद्य येऊन गेला. अडॅप्टरच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी भुजंगासन सुचवलं. पोरगा मान हलवत होता. गिटार कोणी वाजवून बघितली नाही, मीसुद्धा नाही.

माझी चीड पाठीवरून नाही. चीड ह्याची आहे की बावीस वर्षांच्या पोराला जे एका नजरेत कळलं, ते लपवायला आम्ही गिटारवाल्यांनी कष्टाने एक आख्खी परिभाषा उभी केली आहे. ‘आता मला क्लीन टोन आवडतो.’ ‘आता मी कमी स्वर वाजवतो.’ ‘वूडी साउंड.’ आमच्या वयाचा कुणीही गिटारवाला पकडा, तो सांगेल की त्याची अभिरुची परिपक्व झाली. एकही जण सांगणार नाही की मणका झाला.

सोळाव्या वर्षी गिटार आरशात बघून निवडतात. आम्ही निवडल्या. तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, १९८६पासून सुरू झालेला. आम्ही पुण्याहून ट्रेनने जायचो आणि स्टेजवरच्या टोकेरी गिटारी बघून परत येताना दादरपासून लोणावळ्यापर्यंत त्यांच्या टोकांवर बोलायचो. ज्या कुणाच्या गिटारीला फ्लॉइड रोझ ब्रिज होता तो देवच. ह्या ब्रिजमध्ये तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात आणि ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो, म्हणून सूर हलवायची दांडी कितीही दाबली तरी सूर ठिकाणावर परत येतो. पण एक तार तुटली की ताण बिघडून उरलेल्या पाचही बेसूर. तारा बदलायच्या म्हणजे ॲलन की शोधा, कुलपं उघडा, एक लावा, दुसरी उतरते, ती लावा, पहिली उतरते. अख्खी संध्याकाळ जायची आणि आम्हाला आनंद व्हायचा. वेळ होता, डोळे होते, ॲलन की सापडायची.

नंतर पगार सुरू होतो. पोस्टरवर जी लेस पॉल होती ती, किंवा खिशाप्रमाणे तिची चुलत बहीण, घरी येते. महोगनीची जाड फळी, वर मेपल. हे वजन कंपनीलाही पेलेना, म्हणून ऐंशीच्या दशकापासून गिब्सन आतून लाकूड कोरून भोकं पाडायला लागली. त्यावरही कट्टर लोक वाद घालतात की भोकांमुळे आवाज पातळ होतो. घाला. तुमच्या खांद्यावर.

आणि पन्नाशीकडे टेलिकास्टर येते. १९५०-५१ची रचना, फळीला स्क्रूने जोडलेली मान, तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, एक स्विच, बिघडायला काही नाही. ती बनवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच बहुधा ती इतकी समंजस झाली.

तारांवरूनही त्या दिवशी ऐकून घेतलं. मी नऊच्या मागितल्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.००९ इंच. पोरगा म्हणाला, ‘बरोबर आहे काका, दहाच्या आता जड जात असतील.’ मला त्याला खाली बसवून सांगायचं होतं, त्याच स्टुलावर, की बाबा रे, तू ज्या मेटलच्या प्रेमात हा टॅटू काढलायस ते मेटल बोटं दुखली म्हणून असं वाजतं. ब्लॅक सॅबथ ह्या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं १९६५मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. वय सतरा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा मिळेनात म्हणून बँजोच्या लावल्या, पुढे ताण कमी व्हावा म्हणून सूरच खाली उतरवले. आणि झेडझेड टॉप ह्या रॉक बँडचा बिली गिबन्स सांगतो की त्याच्या जाड तारा बघून ब्लूजवाल्या बी. बी. किंगने विचारलं होतं, एवढी मेहनत कशाला? तेव्हापासून तो सातच्या वाजवतो. सातच्या! हे सगळं मी बोललो नाही. पोरगा बिल करत होता.

बसण्याचं तर मला मुळातच कळत नाही. आपल्याकडे सतार, सरोद, वीणा, तबला, सगळं बसून. वीस वर्षांचा तबलजी मांडी घालतो तेव्हा कुणी त्याच्या पाठीची विचारपूस करत नाही. उभं राहून गिटार गुडघ्यापर्यंत लोंबकळवायची ही शर्यत कुणी लावली आणि त्यात आपण का धावलो? बी. बी. किंग शेवटची कितीतरी वर्षं खुर्चीत बसून वाजवत होता. ज्याच्या नावाची ही जड गिटार, तो लेस पॉल १९४८च्या मोटार अपघातात कोपराचा चुरा झाल्यावर डॉक्टरांना म्हणाला की हात गिटार धरता येईल अशाच कोनात जोडा. म्हातारपणी बोटं संधिवाताने आखडली तरी न्यूयॉर्कच्या क्लबात दर सोमवारी वाजवायचा, २००९मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत. त्याला कुणी विचारलं असेल, असतो का कार्यक्रम?

पण खरं जे झोंबलं ते ह्या सगळ्यानंतर. मी जुन्या गिटारीच्या बदल्यात काय देता विचारलं. पोराने मालकाला फोटो पाठवला आणि आलेला आकडा मला दाखवला. तेवढ्यात पट्टा आणि तारांची दोन पाकिटं आली असती. ‘कंडिशन नाही ना काका. रंग गेलाय, स्क्रू गंजलेत, मागे ओरखडे आहेत.’ ओरखडे माझ्या बेल्टच्या बकलचे आहेत, गंज पावसाळ्याचा आहे आणि रंग माझ्या मनगटाने घासून घालवलाय.

आणि हे बोलताना त्याच्या डोक्यावर काचेच्या कपाटात एक गिटार होती, किंमत काही लाख. रंग गेलेला. स्क्रू गंजलेले. मागे ओरखडे. रेलिक म्हणतात तिला. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५च्या सुमारास हा प्रकार सुरू केला: कोरी गिटार घ्यायची, कारागिरांनी ती घासायची, ठोकायची, लोखंडाला मुद्दाम गंज चढवायचा आणि नव्यापेक्षा महाग विकायची. गिऱ्हाईक कोण, तर आमच्याच वयाचे, ज्यांच्या नशिबी कचेरी आल्यामुळे गिटार झिजवायची राहून गेली. म्हणजे कारखान्यात चढवलेला गंज लाखाचा आणि आमच्या गॅलरीतला गंज कंडिशन खराब. मी झिजवली तर नुकसान, पगारी माणसाने झिजवली तर कला. ह्यात विनोद काढायचा मी बरेच दिवस प्रयत्न करतोय. निघत नाही.

घरी येऊन तारा चढवल्या. ०.००९ इंच म्हणजे पाव मिलिमीटरहून कमी. खुंटीच्या भोकात ती ओवायला जवळचा चष्मा लागला, मग मानेवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, दिसेनात म्हणून काढला. ॲम्पचं ट्रेबल जरा वर घेतलं. ‘कानात सुई घातल्यासारखं होतंय!’ आतून बायको ओरडली. मला तर नीट ऐकूही येत नव्हतं. वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, म्हणून आम्ही लोक ट्रेबल वाढवत नेतो आणि त्याला ‘ओपन टोन’ म्हणतो.

रात्री दुकानाच्या नंबरवर मी सविस्तर मेसेज लिहिला. रेलिकचा मुद्दा, १९५८चा मुद्दा, आयोमी, सगळं क्रमवार. शुद्धलेखन तपासून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

‘काका एवढं टाइप करायची दगदग नको, व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल.’