अँबेसिडरमध्ये एसीची लाइन

अमेरिकेत जुन्या मस्टँग-कॅमेरोसारख्या दांडग्या गाड्या नव्याने उभ्या करणारे हौशी लोक तयार वायरिंग किट मागवतात. त्यात फ्यूजबॉक्स, रिले, फ्लॅशर सगळं येतं आणि प्रत्येक वायरवर तिचं काम छापलेलं असतं. भाच्याने मोबाइलवर हे दाखवलं आणि तसलं किट घरी येऊन धडकलं. गाडी मात्र आमची अँबेसिडर. दारव्ह्याकडच्या ज्या रस्त्यावर मस्टँगचं पोट पहिल्याच खड्ड्यात टेकलं असतं, तिथे ही बाबांच्या काळापासून कापसाची गाठोडी घेऊन फिरते आहे.

किट लागणारच होतं. अर्धं वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं आणि उरलेलं त्यांनीही नाकारलं होतं. मुळात ते इंग्रजी पद्धतीचं. तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. पण नंतरच्या प्रत्येक मिस्त्रीने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली. एक लाल वायर डॅशबोर्डमागून निघून सीटखाली जायची आणि तिथे कशालाही न जोडता संपायची. ती काढली की हॉर्न बंद!

मिस्त्री आले. किट ओसरीवर पसरलं. वायरवरचं इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे.

"हे काय हाये भाऊ?"

"पॉवर विंडो."

"ठेवा बाजूले."

"सेंट्रल लॉक."

"आपल्या गाडीचं दार लाथेनं लागते. बाजूले."

बाजूचा ढीग गाडीत गेलेल्या वायरींपेक्षा मोठा झाला.

खरी गंमत मागच्या दिव्यांत. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बात असतात, म्हणून किटमध्ये ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या स्विचमधून फिरवलेला. आमच्या गाडीला लाल ब्रेक वेगळा, पिवळा इंडिकेटर वेगळा. मी ब्रेक दाबला आणि मागे दोन्ही पिवळे दिवे ठक्क पेटले. पारावरून उठून आलेल्या मंडळींनी एकमताने बॅटरी बदलायला सांगितली. मिस्त्रींनी तंबाखू मळली, तेवढा वेळ विचार केला, मग ब्रेकची ती वायर इंडिकेटरच्या स्विचमधून उपटली. ढिगातून 'थर्ड ब्रेक लाइट' लिहिलेली वायर ओढून दोन्ही लाल दिव्यांना दिली. ती ब्रेकच्या स्विचवरून सरळ येते. अमेरिकेने काचेमागच्या तिसऱ्या दिव्यासाठी दिलेली सोय आमच्या पहिल्या दोघांच्या कामी आली.

हेडलाइटला रिले बसवला, हे मात्र फार बरं झालं. 60/55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पाचेक अँपिअर ओढतो. तो सगळा भार पूर्वी डॅशबोर्डच्या स्विचवर यायचा, त्यावर बोट ठेवलं की चटका. आता स्विच फक्त रिलेला हुकूम सोडतो, भार रिले उचलतो. अर्थिंगसाठी मिस्त्रींनी बॉडीचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला. ताज्या रंगाचे पैसे मी दिले होते, म्हणून मी तिकडे पाहिलं नाही.

हॉर्नला वायर कमी पडली, तेव्हा ढिगातली एसीची जोडली.

भाच्याने ही बातमी गावभर केली. 45 डिग्रीच्या उन्हात काका धोतर सावरत मागच्या सीटवर बसले, चारही काचा वर करून घेतल्या आणि घामाने निथळत म्हणाले, "लाइन टाकली म्हनते, मंग हवा काहून नाई येऊन राहिली बे?"

भाच्याने हॉर्न वाजवून दाखवला.