काटा खाली, पारा वर

पाणी तापवून घर ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरच्या तोंडावर आतल्या पाण्याचा दाब दाखवणारी एक इवलीशी तबकडी असते आणि घरातला निम्मा हिवाळा तिच्याकडे डोळे लावून जातो. बॉयलर थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) मध्ये आणि तापल्यावर २ च्या आसपास, की घरात सुखशांती. तोच ०.५ च्या खाली घसरला की बहुतेक बॉयलर रुसतात आणि खोल्या तापवणारे रेडिएटर थंडगार.

मग घरातला कर्ता माणूस वाकतो, फिलिंग लूपची, म्हणजे नळाचं पाणी आत सोडणाऱ्या, वरून जाळी विणलेल्या लवचीक नळीची चावी फिरवतो, काटा वर आणतो आणि हात झटकतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शिवाय प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि आतलं गंजरोधक द्रावण पातळ होतं. वर्षातून एक-दोनदा भरलं तर समजू शकतो. दर आठवड्याला भरायचं म्हणजे रतीब झाला.

काटा किती पडला यापेक्षा केव्हा पडला, हे मी आधी बघतो. तापल्यावर ३ कडे धावतो आणि गार झाल्यावर लोळण घेतो? मग माझा पहिला संशय एक्स्पान्शन टाकीवर. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० वर गेलं की जवळपास ३ लिटरनी फुगतं. या पाहुण्या ३ लिटरांची सोय ही टाकी करते: मधे रबरी पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. हवा निघून गेली की पाण्याला अंग पसरायला जागा उरत नाही. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून चालतं होतं.

टाकीला गाडीच्या ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन क्षणभर दाबायची. पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदला. काहीच आलं नाही तर हवा संपली. ती भरताना बॉयलर बंद करून गार होऊ द्यायचा, पाणी सोडून काटा शून्यावर आणायचा, ड्रेन (पाणी सोडायची तोटी) उघडाच ठेवायचा आणि साध्या पंपाने ०.७५ ते १ बार हवा भरायची (नेमका आकडा बॉयलरच्या पुस्तिकेत असतो). मग ड्रेन बंद करून पाणी भरायचं. पाणी न सोडता पंप लावणारे महाभाग पुष्कळ. पलीकडून पाणीच दाबत असतं, त्यामुळे टाकीत हवा नावालाही नसली तरी पंपाचं मीटर खुशाल १ बार दाखवतं.

काटा रात्रंदिवस हळूहळू उतरत असेल, तर गळती शोधा. थंड बॉयलरखालचे जाण्याचे व येण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. काटा तरीही पडला तर चोर बॉयलरमध्ये, नाही तर पाइपांत. गरम पाइपावरचा थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळतो, मागे पांढरी खपली आणि हिरवट डाग ठेवून. म्हणून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळून बघावा. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची टोपी काढली की दांड्याभोवती छोटा नट दिसतो. तिथून पाझरत असेल तर पान्ह्याने पाव फेरा पुरे. मर्दुमकी दाखवायची ही जागा नव्हे.

बाहेरच्या त्या तांब्याच्या नळीला रात्री प्लास्टिकची पिशवी बांधा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. एकदा उघडला की बुडाशी कचरा अडकून तो नीट बसत नाही. कंडेन्सिंग बॉयलरच्या (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या) प्लास्टिक नळीतून मात्र पाणी ठिबकायलाच हवं. तिला बोळा कोंबू नका.

काही न करता काटा चढत असेल तर फिलिंग लूप नीट बंद झालेला नाही. नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा. तरीही चढला, तर बॉयलरच्या पाण्याने नळाचं पाणी तापवणाऱ्या आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरला भोक पडून नळाचं पाणी आत घुसतंय. इथून पुढे झाकण उघडायचं काम परवानाधारक तंत्रज्ञाचं. गॅसशी सलगी नको.

त्याला बोलावण्याआधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, थंड आणि गरम असतानाचे आकडे कागदावर टिपून ठेवा. नुसतं ‘प्रेशर जातं हो’ एवढंच सांगितलंत, तर तोही वाकून आधी पाणीच भरेल.