ग्रंथालयात दिसेल तो ग्रंथपाल नव्हे

‘पुस्तकावर शिक्का मारायलाही पदव्युत्तर पदवी लागते म्हणे!’ असा एक विनोदी संदेश फिरतोय. तसं नाही. देवघेव काउंटरवर बसतात ते बहुधा ग्रंथालय सहायक. वाचक मात्र सगळ्यांनाच ग्रंथपाल म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. पदवी मागतात ती ग्रंथपालपदासाठी. ग्रंथनिवड, वर्गीकरण, संदर्भसेवा (वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं), अंदाजपत्रक ही त्याची कामं, आणि यातलं बरंचसं काउंटरवरून दिसतच नाही. अर्थात पदवी नसलेले, पण तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची करण्यात, मुरलेले सहायकही असतात. पदवीची ही अट तशी अलीकडची. अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथालयशिक्षणाची शाळा काढली. त्याआधी बहुतेक जण काम करता करताच शिकत.