ओढ सगळ्यांनाच असते, पण काम?

शिक्षण संपताच पुण्याला गेलेला आणि नोकरीची उमेदीची वर्षे तिथे काढून आता कोल्हापुरात कायमचा राहायला आलेला माणूस म्हणून, गावाकडे परतण्याविषयीच्या भावुक लिखाणाबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात आईच्या हातचे जेवण असते, रंकाळ्यावरची संध्याकाळ असते. परंतु परतलेल्या माणसाने घर कशावर चालवायचे, याचा उल्लेख सहसा नसतो. (तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी नोकरी सोडून आलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.)

गावाला मात्र हा प्रश्न बरोबर कळतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देणाऱ्या ओळखीच्या काकांनी मला सवयीने विचारले, "कधी आलायस? जाणार कधी?" आता इथेच आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला, "का रं, काय झालं तिकडं?" त्या काळजीचा मला राग आला नाही, कारण शिकलेल्या मुलाने बाहेर पडणे म्हणजेच त्याचे बरे चालणे, हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे.

अर्थात पुण्याची वाट काही आमच्या पिढीने पाडलेली नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, ती काही गावावरची माया आटली म्हणून नव्हे. उलट, राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली कितीतरी मुले इथलीच होऊन गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले, त्याचे महत्त्व मला याच कारणासाठी वाटते. फायलींची पिशवी उशाला घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारे वकील आम्ही लहानपणापासून पाहिले. आता कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथेच चालणार असतील, तर नव्या वकिलाला मुंबईत खोली शोधण्याची सक्ती उरत नाही.

कारखानदारीत मात्र गाडी अडते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये काम आहे, कसबही आहे, आणि तरीही चांगली माणसे टिकत नाहीत अशी मालकांची ओरड असते. इथे परतल्यावर मी दिलेल्या एका मुलाखतीत पगाराचा विषय निघताच मालकांनी हसत विचारले, "घर स्वतःचंच आहे न्हवं?" घर माझ्या वडिलांनी बांधले आहे, ते माझ्या पगारातून वजा करण्याचा हिशेब मला अजून पटलेला नाही, आणि ती नोकरी मी घेतली नाही.